खडा की चिंचोका?

आबा,

तुम्हाला जाऊन आज अकरा दिवस झाले. परवा पुण्यानुमोदनाला विहारात सात जण बोलले. एकजण म्हणाला, गुरुजी शिस्तीचे होते. दुसरा म्हणाला, वेळेचे पक्के होते. तिसऱ्यानं तर तुम्हाला मितभाषी करून टाकलं. मी पदर तोंडाला लावला. बायकांना वाटलं, ताईला भरून आलं. मला हसू आवरत नव्हतं. चहावर साय धरेपर्यंत ज्यांचा एक मुद्दा संपायचा नाही, ते मितभाषी! तुम्ही असता तर तिथंच उभे राहून त्या बिचाऱ्याला विचारलं असतं, "कावून? कशावरून म्हणतोस?"

तुमचा हा 'कावून' इतके दिवस घरात ऐकू आला नाही. पन्नाशीची बाई मी, पंचवीस वर्षं अंगणवाडीत गावची लेकरं सांभाळलेली, आता आजी झालेली. आणि चार दिवसांपूर्वी भाजीला फोडणी देताना मी मोठ्यानं म्हणाले, "आबा, तिखट कमी टाकू का?" मग गॅस बंद केला आणि तशीच ओट्याला टेकून उभी राहिले. भाजी दुपारी आत्यानं केली.

तुमचे कपडे वाटले. पुस्तकं विहाराच्या कपाटात गेली. बिस्किटांचा तो चौकोनी पत्र्याचा डबा मात्र मी कुणाला हात लावू दिला नाही. झाकण उघडलं की अजून तोच वास येतो, नदीच्या मातीचा आणि चिंचेचा मिळून. अर्ध्या भागात खडे, अर्ध्या भागात चिंचोके, मधे पुठ्ठ्याची आडवी पट्टी. पट्टी तुम्ही दरवर्षी जूनमध्ये बदलायचात, शाळा सुटून वीस वर्षं झाली तरी.

तुमच्या हातून गेलेली पोरं आता पोराबाळांची झाली, तरी त्यांना शाळेतला तुमचा तास आठवतो. गोष्ट सांगायच्या आधी डबा फिरायचा. प्रत्येकानं एक खडा उजव्या मुठीत घ्यायचा, एक चिंचोका डाव्या. मग तुम्ही गोष्ट सांगायचात. कधी रेल्वे कशी आली ते, कधी साप दूध का पीत नाही ते, आणि मधूनच एखादी साफ बनवलेली. शेवटी टेबलावर हात आपटून विचारायचात, "बोला, घडलेली का रचलेली?" घडलेली वाटली त्यानं खडा पुढं करायचा, रचलेली वाटली त्यानं चिंचोका. चुकलं तर छडी नव्हती. फक्त एकच प्रश्न, कावून? कारण सांगता आलं की तुम्ही खूश, मग उत्तर चुकीचं का असेना.

घरीही तेच. घरात राक्षस नाही, परी नाही, भूत नाही, जादूची कांडी नाही. शेजारच्या पोरांना त्यांच्या आज्या हडळीची भीती घालून झोपवायच्या. मला तुम्ही भर दुपारी त्या हडळीच्या चिंचेखाली नेऊन बसवलंत आणि म्हणालात, "बस. आली तर मला हाक मार." मी तासभर बसले. मुंग्या चावल्या, हडळ आली नाही. दुसऱ्या दिवशी मी गल्लीतल्या पोरांना ऐटीत सांगत सुटले, आणि खरं सांगते, आबा, मला थोडं वाईटही वाटत होतं. तिची एवढी वाट बघितली होती.

तुम्ही असे का, हे मला फार उशिरा कळलं, आणि तुमच्याकडून नाही. आत्यानं सांगितलं. युसूफ वडगावला तुमच्या लहानपणी आत्याच्या केसांत जट झाली. गावातल्या कुण्या बाईनं सांगितलं, देवीनं पोरगी मागितली, जट कापाल तर घरादाराचा नाश होईल, मोठी झाली की देवीला सोडा. सगळ्यांनी मान्य केलं. आत्यानंसुद्धा. सात-आठ वर्षांची पोर, ती आपली जट हळद लावून जपायची आणि मी देवीची म्हणून मिरवायची. मग गावानं धम्म घेतला आणि एके दिवशी आजोबांनी तिला अंगणात बसवून कातरी चालवली. आत्या म्हणते, ती किंचाळत होती, आता सगळे मरणार म्हणून. अकरा वर्षांचे तुम्ही तिचे हात धरून बसला होता. पुढं कित्येक महिने ती रोज सकाळी उठून घरातल्या प्रत्येकाच्या नाकाखाली बोट धरून बघायची, श्वास चालू आहे का.

"गोष्टीनं माझी बहीण जाणार होती, बाई," तुम्ही मला एकदाच म्हणालात. "लेकराच्या पोटात एकदा भीती बसली, की माणूस म्हातारं झालं तरी निघत न्हाई." त्यावर मला काही बोलता आलं नाही. बोलायला पाहिजे होतं असं नाही, पण आपल्या घरात न बोलणं म्हणजे हरणं असायचं, म्हणून मला राग आला.

आपलं खरं भांडण तिथून नाही सुरू झालं. ते मी सहा वर्षांची असताना सुरू झालं आणि तुम्हाला त्याचा पत्ता नव्हता. निदान मला तसं वाटत होतं.

आई बीडच्या दवाखान्यात गेली तेव्हा मी आत्याकडं होते. आईला आणलं, नेलं, सगळं झालं, आणि लेकरू भेदरेल म्हणून मला पलीकडच्या गल्लीत ठेवलं होतं. मी परत आले तर घरात खूप चपला होत्या आणि आई नव्हती. मी आत्याला विचारलं. आत्यानं मला मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "तुझी आई ना? नागपूरला गेली, माय. दसरा करून येईल."

आपल्याकडं याहून चांगलं खोटं कुणाला सुचलं असतं? दसऱ्याला गावातून दीक्षाभूमीला टेम्पो जायचा, पांढऱ्या साड्यांनी गच्च भरून. गेलेलं माणूस परत यायचंच. येताना पुस्तकं, तसबिरी, निळी रिबीन घेऊन यायचं. मी लगेच गप्प झाले. दसऱ्याला अजून महिना होता.

तेवढ्यात तुम्ही आत आलात. तुम्ही ऐकलं होतं. माझ्यापुढं उकिडवे बसलात आणि म्हणालात, "आत्या खोटं बोलली. आई मेली. आता ती येणार न्हाई. रडायला हरकत न्हाई." आणि तुम्ही स्वतःच रडायला लागलात. मी रडले नाही. मी तुमच्याकडं बघितलं, आत्याकडं बघितलं, आणि मनात ठरवून टाकलं की आत्याचं खरं.

तीन दसरे, आबा. टेम्पो परत यायच्या दिवशी मी वेणी घालून वेशीजवळ जाऊन उभी राहायची. बायका एकेक करून उतरायच्या, मी प्रत्येकीचं तोंड बघायची. पहिल्या साली आत्या म्हणाली, गर्दीत राहिली असंल. दुसऱ्या साली म्हणाली, तिथं शाळेत कामाला लागली असंल. तिला स्वतःला किती यातना होत असतील ते आता कळतं. एकदा बोललेलं खोटं तिला दरवर्षी नव्यानं शिवावं लागत होतं.

पण त्या तीन वर्षांत मी काय काय केलं ते ऐका. दसऱ्याला किती दिवस राहिले हे मोजता यावं म्हणून मी शंभरच्या पुढं मोजायला शिकले. नागपूरला पत्र लिहायचं म्हणून अख्खी बाराखडी एका पावसाळ्यात घोटली. तुम्ही शाळेत सगळ्यांना माझी पाटी दाखवत फिरलात. तुम्हाला वाटलं, तुमचं शिकवणं! आईला दाखवायला मी एका डबीत वस्तू साठवल्या होत्या: पडलेला दात, मोराचं अर्धं पीस, फुटलेल्या बांगड्यांतल्या चांगल्या काचा. आई आल्यावर तिला शहाणी पोरगी दिसावी म्हणून मी खोटं बोलत नव्हते, मारामाऱ्या करत नव्हते. आई मेली हे मी सहाव्या वर्षी झेललं असतं का, मला माहीत नाही. तुम्ही मोठे होता आणि तुम्हालाही झेललं जात नव्हतं.

चौथ्या दसऱ्याला टेम्पोचा भोंगा वाजला तेव्हा मी अंगण झाडत होते. मी झाडतच राहिले. कुणी काही सांगितलं नव्हतं. डबीतला दात काढून चिंचेखाली पुरला आणि मग मात्र इतकी रडले की आत्या घाबरली. मी तिला म्हणाले, पोट दुखतंय.

हे मी तुम्हाला कधीच सांगितलं नाही. पुढं तुमची बदली माजलगावकडं झाली, आपण इकडचेच झालो, माझं लग्न, माझी अंगणवाडी, सगळं इथंच. आयुष्यभर तुमच्याशी मी गोष्टींवरून भांडले, पण ज्या गोष्टीवरून भांडत होते तीच मधे आणली नाही.

भांडलो मात्र चविष्ट. तुम्ही संध्याकाळी येऊन माझ्या अंगणवाडीच्या ओट्यावर बसायचात आणि मी लेकरांना कोल्ह्या-लांडग्याची गोष्ट सांगत असले की खाकरायचात. मी मुद्दाम लांडग्याला अजून चार शब्द जास्त द्यायची. लेकरं गेल्यावर तुमचं सुरू. "लांडगा बोलतो का?" मी म्हणायची, "बोलतो. माझ्याकडं बोलतो." "मग ते लेकरू उद्या रानात लांडग्याला रामराम घालंल." "आबा, आजवर एका तरी लेकरानं घातलाय का?" तुम्ही म्हणायचात, मोठ्या माणसांनी दगडाला घातलाय, तिथून तर सगळं सुरू झालं. मग चहा. मग पुन्हा तेच.

एका बाबतीत मी तुम्हाला हरवलं होतं, आठवतंय? ती मुकी म्हणून आणून बसवलेली पोरगी. सहा महिने तोंडातून शब्द नाही. एकदा गोष्टीचं नाटक करताना मी कुणीतरी लांडगा व्हा म्हणाले, तर ही उठली आणि जाडा आवाज काढून म्हणाली, "मी खाईन सगळ्यांला!" अख्खी अंगणवाडी गार. ती स्वतःच्या आवाजात बोलली ते त्यानंतर पंधरा दिवसांनी. तुम्ही ओट्यावरूनच बघितलं होतं. घरी जाताना एवढंच म्हणालात, "लांडग्यानं काम केलं म्हणायचं." तेवढं तरी तुमच्या तोंडून निघालं. मी त्या रात्री शिरा केला होता.

आणि मग पायल.

ही गोष्ट मी सात वर्षं आपल्यात येऊ दिली नाही. आज सांगते. धरणाखाली गेलेल्या गावाची गोष्ट मीच बनवली होती. पाण्याखाली गाव आहे, तिथं घरं आहेत, चुली पेटतात, शाळेची घंटा वाजते, आपल्याला दिसत नाहीत ती सगळी माणसं तिथं राहतात. लेकरांना फार आवडायची. ती ऐकत खिचडीची ताटली कधी रिकामी करायची, त्यांना कळायचंही नाही. पायल पाच वर्षांची होती. आईबाप ऊसतोडीला गेलेले, पोर आजीजवळ.

एका सकाळी ती अंगणवाडीत आली नाही. दहा वाजता धुणं धुणाऱ्या बायकांना ती कॅनॉलच्या पायऱ्यांवर सापडली. चपला काढून जोडीनं ठेवल्या होत्या. पाय पाण्यात. फडक्यात अर्धी भाकरी बांधलेली. "ताईनं सांगितलंय," ती म्हणाली, "हे पाणी त्या गावातनं येतं. आईकडं चाललेय."

अजूनही कुठं जोडीनं ठेवलेल्या बारक्या चपला दिसल्या की मी आधी लेकरं मोजते.

मी घरी जाऊन बसले आणि तुमची वाट बघत राहिले. तुम्ही येणार आणि म्हणणार, मी म्हणत न्हवतो का. माझी तयारी होती, मला ते ऐकायचंच होतं. तुम्ही आलात, पाणी प्यालात, आणि म्हणालात, "गोष्ट लई चांगली होती, बाई. वाईट असती तर लेकरू उठलंच नसतं."

दुसऱ्या दिवशी तुम्ही डबा घेऊन अंगणवाडीत आलात. सगळ्यांच्या मुठीत खडा, चिंचोका. मला म्हणालात, तीच गोष्ट सांग, पहिल्यापासून. मी कशीबशी सांगितली. शेवटी तुम्ही विचारलं, घडलेली का रचलेली? बाकीच्या सगळ्या लेकरांनी, आबा, सगळ्यांनी चिंचोका पुढं केला. एकट्या पायलनं खडा.

"कावून, माय?"

"माझी आई कुटं हाय ते कुणीच सांगंना," ती म्हणाली. "मी उठले तर न्हवती. ताईनं सांगितलं."

पहाटे पोर झोपेत असताना आईबाप निघून गेले होते, रडेल म्हणून. आजीनं काही सांगितलं नाही, रडेल म्हणून. तुम्ही तिथंच खाली बसलात. तिला सांगितलंत की तुझी आई ऊस तोडायला गेली, लांब गेली, शिमगा झाल्यावर येईल. तिच्या आईला फोन लावून दिलात. पोर फोन कानाला लावून नुसती हुंदके देत होती आणि पलीकडं ती माउली उसाच्या फडात. परत जाताना तुम्ही मला म्हणालात, "बाकीच्या लेकरांचं काही बिघडलं न्हाई, बघितलंस का? हिला खरं कुणीच दिलं न्हवतं. म्हणून ही तुझ्या गोष्टीत राहायला निघाली."

मी ते अर्धंच ऐकलं. मला एवढंच ऐकू आलं की चूक माझी. त्यानंतर वर्षभर मी गोष्ट सांगितली नाही. गाणी, रंग, मणी ओवणं. शेवटी तुम्हीच एकदा ओट्यावरून विचारलंत, "गोष्टी बंद केल्या म्हणं? मी बंद कर म्हणलो न्हवतो." मी म्हणाले, "तुम्हाला तेच पाहिजे होतं ना?" तुम्ही काही बोलला नाहीत. तुम्ही बोलला नाहीत असे आयुष्यातले जे दोन-तीन प्रसंग, त्यातला हा एक. मी पुन्हा सुरू केल्या, पण तुमच्याशी ते भांडण पुन्हा कधी रंगलं नाही. पायलच्या बाबतीत तुमचं बरोबर होतं, हे मला म्हणायचं होतं. त्याआधी तुम्ही म्हणायला पाहिजे होतं की माझ्या बाबतीत तुमचं चुकलं. मी थांबले. किती वर्षं थांबले बघा.

मैत्री जन्मली आणि आपण दोघं तिच्या आडून बोलायला लागलो. माझी लेक बीडला नर्स, ड्युट्या कशाही, म्हणून नात माझ्याकडं. सकाळी ती माझ्या गोष्टी ऐकायची आणि दुपारी तुमच्या खुर्चीशी डबा घेऊन बसायची. तुमच्या दोघांचं एक गुपित असल्यासारखं. "आजी, आबाला आज चिंचोका दिला," म्हणून मला सांगायला यायची. म्हणजे तुम्ही रचलेल्याही सांगत होता. मी लक्ष दिलं नाही. मी समजून बसले होते की तुमच्या डब्यात चिंचोका असतो तो पकडायला, बाजूला काढायला.

मग त्या दिवशी सकाळी दहा वाजता, पेपर अर्धा वाचून, तुम्ही गेलात.

आता एक कबूल करते. गर्दी जमायला लागली तशी मीच मैत्रीला शेजारी पाठवलं, लेकरू भेदरेल म्हणून. मला आईला शेवटचं बघू दिलं नाही म्हणून जन्मभर मनात कुरकुरले, आणि माझी वेळ आली तेव्हा मीही तेच केलं. संध्याकाळी सगळं उरकून आम्ही परत आलो. कुणीतरी मैत्रीला आणून सोडलं. ती चपलांमधून वाट काढत आत आली, तुमच्या खुर्चीपाशी गेली आणि म्हणाली, "आबा कुटंयत?"

आणि आत्या, सतराशे सुरकुत्यांची ती तुमची बहीण, चटईवर बसल्या जागेवरून म्हणाली, "आबा ना? नागपूरला गेले, माय. दसरा करून येतील."

तेच शब्द. त्याच चालीत.

"आत्या, बास!" मी ओरडले. मयताच्या घरात कुणी ओरडत नाही तसं ओरडले. "हिला तरी नको!"

आत्या दबली नाही. "ओरडू नको," ती म्हणाली. "तुला तीन साल चाललं न्हवं? आन् तुझा बाप त्या तीन साली नागपूरला कावून गेला न्हाई, ठावं हाय का तुला? दरसाली जाणारा माणूस. तू वेशीला टेम्पोपाशी उभी राहायचीस, तवा तो विहाराच्या मागं उभा असायचा. तू घरी आलीस की मग मागनं यायचा. मीच म्हणलेते त्याला, जा, सांग पोरीला, माझ्याच्यानं आता खोटं रेटत न्हाई. तर मला म्हणला, मी एकदा सांगितलंय. खडा तिच्या मुठीत हाय. ती उघडंल तवा उघडंल."

आबा.

तुम्हाला माहीत होतं. वेणी, डबी, बांगड्यांच्या काचा, सगळं. चाळीस वर्षांवर भांडले मी तुमच्याशी, आणि तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत की तुझ्या खोट्या गोष्टीला मी तीन वर्षं पहारा दिला. मितभाषी! त्या माणसाची मी माफी मागायला पाहिजे.

मैत्री माझा पदर ओढत होती. मी फळीवरून डबा काढला. तिच्या उजव्या मुठीत खडा दिला, डाव्या मुठीत चिंचोका. तिच्यापुढं उकिडवी बसले. मला दुसरे शब्द येत नव्हते, तुमचेच होते ते म्हणाले. "आबा मेले, मैत्री. आता ते येणार न्हाईत. रडायला हरकत न्हाई."

तिनं माझ्याकडं बघितलं. आत्याकडं बघितलं. मला माझी सहा वर्षांची मान वळताना दिसली. मग तिनं उजवी मूठ उघडली.

तुम्ही विचारलं असतं म्हणून मी विचारलं, "कावून?"

"चष्मा खुर्चीवर हाय," ती म्हणाली. "चष्म्याबिगर आबा कुटंच जात न्हाईत."

मग ती रडली आणि मी रडले. सहाव्या वर्षी तुमच्यापुढं रडायचं राहिलं होतं तेही त्यात आलं. आत्या उठून आली आणि आम्हा दोघींच्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिली, आणि आबा, तिचं एक बोट हळूच माझ्या नाकाखाली आलं.

डावी मूठ मात्र मैत्रीनं उघडली नव्हती. माझ्या ते ध्यानातच राहिलं नाही. अकरा दिवस तो चिंचोका तिच्या फ्रॉकच्या खिशात होता. फ्रॉक बदलला की खिसा बदलायचा. आज दुपारी मी तुमच्या खुर्चीवर बसून हेच लिहायचा प्रयत्न करत होते, तेव्हा ती आली आणि तिनं तो माझ्या कागदावर ठेवला.

"आजी," ती म्हणाली, "आता ह्याची सांग."

मी तिला मांडीवर घेतलं. चष्मा अजून तिथंच होता, मी तो बाजूला सरकवला. आत्या जवळ येऊन बसली. मला वाटलं होतं, सुरुवात सुचणार नाही. पण ती चव्वेचाळीस वर्षं तयार होती.

"नागपूरला जायचा टेम्पो गच्च भरला होता," मी सांगायला लागले. "बाया गाणी म्हणत होत्या. इतक्यात आबा आले आणि डायवरला म्हणाले, मला खिडकीजवळच बसायचंय."

"कावून?" मैत्रीनं विचारलं.